डाव्या गुडघ्यातला ठिपका

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सोबतचं पार्सल उघडताना कात्री जपून चालव. आत एक खोका आहे. त्याचं मूळ प्लॅस्टिकचं वेष्टन अजून शाबूत आहे, ते मात्र अजिबात उघडू नकोस. खोक्यात तुमच्या कारखान्याचा लाल रोबो आहे, अकरा घड्या घातल्या की अग्निबंब होतो तोच. सत्तावीस वर्षं त्याला कुणी हात लावलेला नाही, असं विकणाऱ्याचं म्हणणं. आमच्या संग्राहक मंडळाच्या अंकात मला त्यावर लिहायचंय: खेळणं म्हणून कसं आहे, आणि जपून ठेवायची वस्तू म्हणून कसं आहे. तू चोवीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढलीस. तुझ्याइतकं कोण सांगणार?

बाकी इकडे ठीक. कवळ्या बनवायचं काम जोरात आहे. या भागातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी हसतात. बाबांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं आणि त्याचा ते सोयीने फायदा घेतात. तुझ्यापुढे त्यांचं नाव काढायचं नाही हे ठाऊक आहे, पण लिहिण्याच्या ओघात निघून गेलं. सोडून दे.

फोन करणार होतो. पण फोनवर माणूस वाटेल ते बोलतो आणि मग मी असं म्हणालोच नाही म्हणतो, हे तुझं नेहमीचं. तेव्हा पत्रच येऊ दे.

लोभ आहेच, त्यात कपात नको.

तुझा,
खुडबुड्या


९ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,
अ. आ.

वेष्टन फाडलं. बोंब मारायची असेल तर मारून घे आणि मग पुढचं वाच. न उघडता खेळण्याबद्दल मत द्यायचं तर ज्योतिषी गाठायचा होतास.

फाडण्याआधी वेष्टनाची चिकटपट्टी नीट पाहिली. आजकाल जुनी म्हणून नवी वस्तू गळ्यात मारणारे पैशाला पासरी मिळतात. पण चिकटपट्टी आमच्याच यंत्राची, पुठ्ठाही आमचाच. विकणारा निदान इथपर्यंत खरं बोलला.

आता खेळणं. छाती धातूची, हाताला वजन लागतं, ते चांगलं. मुलामा उडालेला नाही. चेहऱ्याचा रंग रेषेबाहेर गेलेला नाही. खांदे टक टक वाजत फिरतात, तसेच फिरायला हवेत. सातव्या घडीला शिडी डोक्यावरून मागे न्यायची, तिथे पोरांची बोटं चिमटतात. हे मी तेव्हाच लिहून दिलं होतं, पण ऐकतो कोण. बंब म्हणून झकास. चारही चाकं जमिनीला टेकतात, शिडी वर जाते. मग त्याला रोबो करून उभा केला. डावा गुडघा गेला आणि गडी तोंडावर आपटला. तीनदा उभा केला, तीनदा आपटला. गुडघ्याच्या खिळीचं भोक मोठं पडलंय. स्वतःच्या पायावर उभा राहत नाही तो रोबो खेळणं म्हणून नापास. जपून ठेवायची वस्तू म्हणून तुझं तू बघ. ज्याला एकाही पोराने जमिनीवर आपटलं नाही, त्या खेळण्याचं मला कौतुक नाही.

आणि आता खरं बोल. ढिल्या गुडघ्यांची ही खेप मी नापास केली होती, ती चिरडायला जायची होती. ती बाजारात गेली. कशी गेली ते गोदाम सांभाळणाऱ्याने, म्हणजे तुझ्या बापाने, साहेबांपुढे स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. माझ्या शब्दावर त्याला तिथे चिकटवलं होतं. तो गेला, मी मात्र पुढची अकरा वर्षं तिथेच मान खाली घालून काढली. जगात हजारो खेळणी पडलेली असताना तुला नेमकं हेच कसं सापडलं? पाणी कुठेतरी मुरतंय. त्याने तर तुला पुढे केलं नाही ना?

सुनेला आशीर्वाद. लोभ ठेव आणि लपवाछपवी सोड.

तुझी आत्या


१४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बोंब मारली. बायको आतून धावत आली, तिला वाटलं बोट कापलं. वेष्टन गेलं की संग्राहकांच्या लेखी निम्मी वस्तू गेली. पण तू ते फाडणार हे मला माहीत होतं आणि तू फाडावंस म्हणूनच पाठवलं होतं.

बाबांना यातलं काहीही ठाऊक नाही. पाणी मुरतंय ते माझ्यातच. ते सगळं झालं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. वर्गात मला गोदामचोर म्हणायचे. एकदाच धीर करून बाबांना विचारलं, तुम्ही खरंच ती खेळणी विकलीत का? ते म्हणाले, ताट गार होतंय, जेव. तेव्हापासून ते घरी काहीही घेऊन आले की माझ्या मनात यायचं, हे कुठून आणलं? बाप म्हणून त्यांच्या गळ्यात कधी पडताच आलं नाही. आता ते सहासष्टचे आहेत. ते चोर आहेत की नाहीत एवढंच मला कळायला हवं. चोर असले तरी चालेल, पण कळायला हवं.

तूच मला लहानपणी सांगितलं होतंस, की पास झालेल्या खेळण्याच्या डाव्या गुडघ्याच्या आत तपासणारीने दिलेला ठिपका असतो, प्रत्येकीचा रंग वेगळा, आणि नववी घडी अर्धवट ठेवली तरच तो दिसतो. नापास मालाला ठिपका नसणार. तो नसेल, तर बाबांनी नापास माल जाणूनबुजून बाहेर काढला हे पक्कं झालं. भिंग घेऊन बघशील का?

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझा,
खुडबुड्या


२० फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,
अ. आ.

बघितलं. ठिपका आहे. हिरवा आहे, खिळीच्या खाली डावीकडे आहे, म्हणजे माझा आहे. दोन दिवस घास गोड लागला नाही.

तो मी दिलेला नाही. ढिला गुडघा मी पास करीन हे माझा वैरीसुद्धा म्हणणार नाही. मग दिला कुणी? माझी हिरव्या रंगाची बाटली टेबलाच्या खणात असायची आणि खणाची दुसरी किल्ली गोदामात. आता तूच जुळव. माल खपवायचा म्हणून त्याने माझ्या नावाचा ठिपका मारला. इतकी वर्षं मी त्याला नुसता चोर समजत होते. हा तर माझी खोटी सही करणारा निघाला, तेही मी लहानपणी कडेवर घेऊन फिरवलेला भाऊ.

चोर असले तरी चालेल म्हणाला होतास ना, मग आता सोस. रोबो परत पाठवते आहे. घरात नको आहे मला तो.

राग तुझ्यावर नाही. तुझ्यावर लोभ आहे, फक्त आज तो शोधावा लागतोय.

तुझी आत्या


२७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी बाबांशी तीन दिवस धड बोललो नाही. त्यांनी विचारलंही नाही. चौथ्या दिवशी रोबो कामावर नेला आणि दातांच्या रेघा बघायच्या मोठ्या भिंगाखाली त्याचा गुडघा धरला.

ठिपका गोल नाहीये. त्याला शेपटी आहे. रंग ओला असताना गुडघा मिटला आणि उघडला गेला, त्यात तो ओढला गेलाय. तेही एकदा नाही, एकावर एक अशा पंधरा-वीस तरी रेघा आहेत. वाळलेला रंग असा ओढला जात नाही. तसलाच रंग आणून मी दुसऱ्या तुकड्यावर करून पाहिलं.

आत्या, चोरून ठिपका मारणारा माणूस ठिपका मारेल आणि खोका बंद करेल. तो गुडघा वीस वेळा कशाला हलवत बसेल? तुझ्याच तोंडून ऐकलंय, की प्रत्येक गुडघा वीस वेळा हलवून बघायचं काम अख्ख्या कारखान्यात एकाच टेबलावर चालायचं. म्हणून विचारतो. तुम्ही ठिपका तपासून झाल्यावर देत होतात, की आधी?

उत्तर काहीही आलं तरी तू माझी आत्याच आहेस. लोभ असावा.

तुझा,
खुडबुड्या


८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

सत्तावीस वर्षांनी काय मायना लिहावा कळेना, म्हणून नेहमीचाच लिहिला.

आधी देत होतो. टेबलावरच्या सगळ्याच जणी. नियम तपासून ठिपका द्यायचा असा होता, पण तो रंग वाळायला पाव तास लागायचा आणि तोवर काम तुंबायचं. म्हणून आम्ही सकाळीच अख्ख्या ट्रेला ठिपके देऊन टाकायचो, वाळले की तपासायचो, आणि नापास निघेल त्याचा ठिपका रॉकेलच्या बोळ्याने पुसायचो. साहेबांना पत्ता नव्हता. त्या दिवशी मी घाईत होते, वाळायची वाटही पाहिली नाही. गुडघे एकामागून एक ढिले निघाले. म्हटलं, पुसायचं शेवटी एकदम पुसू. तेवढ्यात शाळेतून निरोप आला, की पोरगी जिन्यावरून पडली. मी तशीच उठले. टेबलावर शेजारी बसायची तिला एवढं म्हणाले की हे सगळे बाद आहेत. पाचव्या दिवशी कामावर आले तर ट्रे तिथे नव्हते. मला वाटलं, चिरडायला गेले.

पुसायचे राहिले, हे मला इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नाही. की मी आठवू दिलं नाही, तेही आता सांगता येत नाही. खुडबुड्याने विचारलं तेव्हा ते ट्रे जसेच्या तसे डोळ्यांपुढे आले.

तुझ्याकडे ट्रे आले तेव्हा त्यांवर ठिपके होते. ठिपका म्हणजे पास. तू माल पुढे पाठवलास, तुझं काम केलंस. चौकशीत एक खेळणं उघडून दाखवलं असतंस तर तू सुटला असतास आणि मी घरी बसले असते. तू गप्प का राहिलास रे? मी सगळीकडे सांगत सुटले की माझा भाऊ चोर. ते तुझ्या पोराच्या वर्गापर्यंत पोचलं. त्याची माफी कागदावर मागून भागत नाही, तरी मागते.

कारखाना बंद पडला, साहेब वारले. आता कुणापुढे उभं राहून सांगू? म्हणून पोराच्या अंकासाठी वेगळा कागद लिहून खाली सही केली आहे, की ठिपके माझे, चूक माझी, गोदामवाल्याचा काडीचा दोष नाही. तो छापायला त्याला अडवू नकोस.

मी येऊ का, एवढंच कळव. लोभ मागायला तोंड उरलेलं नाही.

तुझी ताई


१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खुडबुड्याने मोठ्याने वाचलं. मी स्वतः वाचू शकलो असतो, पण त्याला वाचायचं होतं. मग म्हणाला, बाबा, मला तरी सांगायचंत. त्याचं खरं आहे. तुला सांभाळताना त्या पोराच्या वाट्याला काय आलं, ते मी बघितलंच नाही. तसं त्याला म्हणालो. मग आम्ही दोघंही बराच वेळ एकमेकांना धरून होतो.

चौकशीच्या दिवशी सकाळीच मी एक खोका उघडून बघितला होता. हिरवा ठिपका दिसला आणि काय झालं असेल ते तिथेच कळलं. तुम्ही बायका ठिपके आधी देता, हे गोदामात सगळ्यांना माहीत होतं. तुझी पोरगी प्लास्टरमध्ये, भाऊजींना जाऊन वर्षही झालेलं नव्हतं, घर तुझ्या एकटीच्या जिवावर. मला दुसरं काम मिळालं असतं आणि मिळालंही. त्यात मोठेपणा काही नाही. माझ्या जागी तू असतीस तर तूही तेच केलं असतंस.

साहेबांपुढे मी म्हणालो, जबाबदारी माझी. तेवढंच म्हणालो. चोर हा शब्द मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. तो पहिल्यांदा तू काढलास, जेवणाच्या सुट्टीत, फाटकापाशी, सगळ्यांच्या देखत.

नोकरीचं दुःख कधीच गेलं. माझा राग एकाच गोष्टीचा आहे आणि तो अजून आहे, खोटं कशाला बोलू. तू सगळ्या कारखान्याला सांगितलंस, पण मला विचारलं नाहीस. कितीतरी दिवस मी वाट बघितली, की ताई येईल, दारात उभी राहील आणि विचारेल, "धाकट्या, विकलेस का रे तू?" ठिपक्याचं मी तुला तेव्हाही सांगितलं नसतं. नाही विकले, एवढंच म्हणालो असतो. आणि माझा शब्द तुला पुरला असता, असं मला अजूनही वाटतं.

ये. हवी तितकी राहा. पण आत येण्याआधी दारातच मला ते विचार. मला उत्तर द्यायचंय.

तुझा,
धाकटा