रोल भरलास ना?

प्रिय फोकसशेठ,

काळोख्याचा सप्रेम नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही, सगळे जागच्या जागी आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तू ‘बरं’, ‘हो’ आणि ‘ठेवतो’ एवढ्या तीन शब्दांत माणसाला वाटेला लावतोस, आणि मला आज बरंच सांगायचं आहे. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झाल्याचं कळलं. आत नवी लेन्स बसवली म्हणे. डॉक्टरांनी दूरचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारी सुचवली असणार आणि तू ठणकावून सांगितलं असणार की फिक्सच बसवा, जवळचं बघायला मी चालत जाईन. (खोटं असेल तर कळव, पण माझी खात्री आहे.) वहिनींची कंबर कशी आहे? माझा गुडघा हवामान खात्यापेक्षा बरा अंदाज देतो, बाकी ठीक.

पत्रास कारण की, मला झूम लेन्स घ्यायची आहे. हे वाचून तू चष्मा काढून पत्र टेबलावर टाकलं असशील तर उचल, पुढे वाच. ‘झूम पायात असतो’ हे तुझं वाक्य मी बावीस वर्षं शिंप्याच्या माडीवरच्या त्या एका खोलीत रोज ऐकलं आहे, आणि ते मला मान्यही होतं, कारण पाय तुझे होते. शाळेच्या शिक्षकांचा ग्रुप फोटो आठवतो का? बेचाळीस शिक्षक चौकटीत मावेनात म्हणून तू एकेक पाऊल मागे जात राहिलास आणि बागेतल्या हौदात पडलास. पाण्याबाहेर फक्त तुझा कॅमेऱ्याचा हात, आणि त्या हातानं तशातही बटण दाबलं. तो फोटो मी धुतला तेव्हा काळोखात एकटाच हसत होतो. बेचाळीस शिक्षक पोट धरून हसताहेत, मुख्याध्यापकसुद्धा, आणि क्षितिज पार तिरकं. आपल्या स्टुडिओतून बाहेर पडलेला सगळ्यात चांगला ग्रुप फोटो तोच, असं माझं अजून मत आहे. तू मात्र तिरक्या क्षितिजापायी आठवडाभर हळहळत होतास.

तर लेन्स का, ते सांगतो. आमची ही (म्हणजे तुझी वहिनी) निवृत्त झाल्यापासून वाचनालयाच्या नाटकमंडळात जाते. येत्या शनिवारी त्यांचं नाटक आहे आणि त्यात तिला इन्स्पेक्टरचं काम मिळालं आहे. शेवटच्या अंकात यायचं, ‘कोणीही जागचं हलायचं नाही’ एवढं म्हणायचं आणि खुन्याला बेड्या घालून न्यायचं. चौदा सेकंद. (मी घड्याळ लावून मोजलं, त्यावरूनही बोलणी खाल्ली.) घरात मात्र गेले दोन महिने कोणी जागचं हललेलं नाही. वर्दी आली, टोपी आली, छडी आली. मध्यंतरी एकदा आरशासमोर उभी राहून ती सहज म्हणाली, अहो, याचा तरी एक धड फोटो येऊ द्या. त्यातला ‘तरी’ कुठून आला हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. अडतीस वर्षांपूर्वीचा तो दिवस आम्ही दोघंही नावानं कधी काढत नाही, पण घरात तो एखाद्या मोठ्या कपाटासारखा आहे, वळसा घालूनच जावं लागतं. म्हणून मी मनाशी ठरवलं की या वेळी फोटो आलाच पाहिजे.

अडचण अशी की सभागृहात उजेड बेताचा, फ्लॅशला बंदी, आणि मला जागा मिळाली आहे नवव्या रांगेत भिंतीकडे. तिथून पायातला झूम चालवायचा तर माझ्या गुडघ्यासकट आठ रांगा तुडवाव्या लागतील. लेकीनं वापरून टाकलेला डिजिटल कॅमेरा आहे, पण त्याच्याबरोबर आलेली लेन्स गरीब बिचारी. जवळचं दाखवताना जरा तरी उजेड घेते, लांबचं दाखवायला लागली की डोळे मिटते. पहिल्या तालमीत त्या लेन्सनं काढलेल्या फोटोत इन्स्पेक्टर म्हणजे कोणीतरी खाकी रंगाचं पोतं ओढत नेतंय असं दिसत होतं. (मी तो हिला दाखवला. दाखवायला नको होता.) म्हणजे हवी फास्ट लेन्स, दोन पॉइंट आठची, लांबचं दाखवतानाही तेवढंच तोंड उघडं ठेवणारी. हिला वाटलं फास्ट म्हणजे लौकर फोटो काढते. पुढे मी एक आणली तेव्हा ती हातात घेऊन म्हणाली, एवढी जड आणि म्हणे फास्ट! मी समजावलं की उजेड जास्त येतो म्हणून शटर झटकन मिटता येतं, हलणारा माणूस हलत नाही. मग तुम्हालाच एक बसवून घ्या, असं उत्तर आलं.

दुकानात मी तीनदा गेलो. काउंटरवर एक मुलगी असते, आपल्या वेळी आपण जे सहा महिन्यांत शिकलो ते तिला बोटांवर पाठ. कॅमेऱ्याच्या कंपनीचीच लेन्स तिनं मऊ कापडावर काढून ठेवली. काय काच, काय वळणं! भिंगात माझं तोंड दिसलं तेसुद्धा देखणं. मग तिनं किंमत सांगितली आणि मी ती लेन्स दुसऱ्याचं तान्हं मूल परत द्यावं तशी दोन्ही हातांनी परत दिली. मग एक वापरलेली दाखवली. मी सवयीनं दिव्यासमोर धरली, तर आत बुरशीची नाजूक वेल. मुलगी म्हणाली, काका, फोटोत दिसत नाही. मला आपलं लेन्सचं कपाट आठवलं. बुरशी धरू नये म्हणून त्यात तू बारा महिने बल्ब जळत ठेवायचास. थंडीत आपण दोघं कुडकुडत त्या कपाटाला पाठ लावून बसायचो आणि तू म्हणायचास, बघ, लेन्सा आपल्यापेक्षा सुखात आहेत. त्या दुकानात उभ्या उभ्या मला त्या कपाटाच्या उबेची अशी आठवण आली की मुलीनं खुर्ची दिली.

तिसरी लेन्स दुसऱ्याच एका कंपनीची, जुनं मॉडेल, दोन पॉइंट आठ, आणि परवडणारी. फोकस करताना सुरुवातीला कॉफी दळल्यासारखा आवाज करते आणि कडा थोड्या मऊ देते. पण मधला भाग काय धारदार! हात स्थिर ठेवायची नवी सोय तीत नाही, तेवढं एक सोडलं तर दोष काढायला जागा नाही. मुलीनं माझ्या चेहऱ्याकडे बघून ती दोन दिवस वापरायला दिली. मी तडक रंगीत तालमीला गेलो. फोकसशेठ, तीन तास मी पंचविशीतला होतो. इन्स्पेक्टर आली, छडी उगारली, टोपीखालून नजर टाकली, आणि मी टिपत गेलो. प्रत्येक फोटो कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर उमटायचा, लख्ख. कोपऱ्यात काहीतरी लाल लुकलुकत होतं, पण जवळचा चष्मा घरी होता आणि मला वाटलं नव्या लेन्सचं स्वागत करत असेल. दोनशे चौदा फोटो. घरी येऊन हिला समोर बसवलं, कॉम्प्युटर उघडला, आणि बघतो तर कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड कॉम्प्युटरच्याच खाचेत. आदल्या दिवसापासून तिथेच. कॅमेरा रिकामा होता. हे डिजिटल कॅमेरे रिकाम्या पोटीही फोटो दाखवतात आणि पुढच्या क्षणी विसरून जातात, हे मला त्या दिवशी कळलं.

ही आधी हसली. खुर्चीवरून पडायची बाकी होती. मग डोळे पुसत म्हणाली, भावजींच्या हातचा गुण लागला तुम्हाला.

आणि मला हसू येईना. माझ्या लग्नाच्या दिवशी नोंदणी कचेरीच्या त्या जिन्यावर तू मला विचारलं होतंस, ‘रोल भरलास ना?’ बावीस वर्षांत प्रत्येक कामाआधी तू तेच विचारायचास आणि मी ‘भरला’ म्हणायचो, कारण भरणं माझं काम, काढणं तुझं. त्या दिवशी मी नव्या सुटात होतो, कॉलर टोचत होती, ती समोरून येत होती, आणि मी काही न ऐकता मान हलवली. तू सह्या, साक्षीदार, तिचं लाजणं, माझं घाम पुसणं सगळं काढलंस. दुसऱ्या दिवशी काळोखात कॅमेरा उघडून मी आत बोटं घातली, तर तिथे नुसती हवा. बाहेर आलो तेव्हा तुम्ही दोघं दारात उभे. कोण विसरलं, असं तिनं विचारलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू पुढे होऊन म्हणालास, ‘चुकलंच माझं, वहिनी.’ नव्या नवऱ्याचा पहिला आठवडा बोलणी खाण्यात जाऊ नये म्हणून म्हणालास, हे मला तेव्हाच कळलं होतं. एका आठवड्यानं खरं सांगू असं ठरवलं होतं. त्या आठवड्याची अडतीस वर्षं झाली. तू आलास की ही चहा देताना म्हणायची, ‘भावजी, कप भरलेला आहे हं,’ आणि तू हसायचास, आणि दर वर्षी जरा कमी यायचास. मी बघत होतो. मला त्याची लाज वाटते, शेठ, आणि ती या वयात आणखी उचलवत नाही.

तेव्हा एवढंच कळव की ही लेन्स घ्यावी की आणखी थोडं थांबावं. तुझा सल्ला मी नेहमीच मानत आलो आहे. वहिनींना पुन्हा नमस्कार, आणि डोळ्यांत थेंब वेळेवर घाल.

तुझा,
काळोख्या

ता. क. लेन्स कालच घेतली. सल्ला हे निमित्त.

ता. क. दोन. खरं कारण असं की परवा संध्याकाळी मी हिला सगळं सांगितलं. तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, ‘अडतीस वर्षं मी त्या माणसाचा चहा कडू केला हो.’ आणि रडली. नंतर सावरून टोपी चढवली आणि आज्ञा सोडली की नाटक संपल्यावर वर्दीतच फोटो काढायचा, तिच्या शेजारी मी, माझ्या हातात बेड्या. लग्नाचा म्हणून तोच फ्रेम करून भिंतीवर लागणार आहे. आता मी बेड्यांत असताना बटण कोण दाबणार? शिवाय माझा हात हल्ली थरथरतो (दुकानातल्या मुलीनं म्हणूनच खुर्ची दिली होती, ऊब वगैरे नंतर आठवली). तुझा हात हौदात बुडतानाही हलला नव्हता. शनिवारी सहाला ये. हवा तर पायातला झूम वापर, रंगमंचावर ये, इन्स्पेक्टरची परवानगी काढून ठेवली आहे. चहा नुसता चहा म्हणून मिळेल असं तिनं सांगायला सांगितलं आहे.

ता. क. तीन. कार्ड मी आत्ताच कॅमेऱ्यात घातलं. तरी तू आल्या आल्या विचार, मला ते ऐकायचं आहे. आणि मी नुसती मान हलवली तर विश्वास ठेवू नकोस, उघडून बघ.