शून्य किलोमीटर

२१ मार्च २०१६, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
वरून पत्र आलं. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 'शाश्वत प्रवास धोरण'. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने मसुदा करायचा. डिझेल कमी, धूर कमी, हजेरी वेळेवर. मोठ्या डॉक्टरांनी पत्र न वाचताच माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, मंठाळे, तुम्हीच बघा. केवढा हा विश्वास! चोवीस वर्षं आरोग्य सहाय्यक आहे, पण माझ्यातला प्लॅनर आज पहिल्यांदा कुणाला तरी दिसला.
उदगीर जिल्हा होणार अशी पुन्हा हवा आहे. नवा जिल्हा म्हणजे नवी पदं. 'जिल्हा प्रवास समन्वयक शिवमूर्ती मंठाळे.' कानाला बरं वाटतं.

२८ मार्च
सर्व्हे केला. चौदा फॉर्म. प्रश्न एकच: आपण रोज किती किलोमीटर प्रवास करता? चौदाही जणांनी लिहिलं, शून्य. बरोबरच आहे. सगळे मुख्यालयी राहतात असा ग्रामसभेचा ठराव आहे, आणि ठरावावर घरभाडे भत्ता आहे. प्रत्यक्षात सात जण लातूरहून येतात, सहा नांदेडहून. पिंपरदऱ्याच्या क्वार्टरमध्ये राहते ती एकटी पंचशीला सिस्टर.
मीही शून्यच लिहिलं. लातूर ते पिंपरदरा ऐंशी किलोमीटर आहे, पण मनाने मी मुख्यालयीच असतो.
आता जो प्रवास कागदावर होतच नाही, त्याचं धोरण आखायचं. दुसरा कुणी असता तर हात टेकले असते.

३० मार्च
सुचलं! केंद्राची रुग्णवाहिका. सकाळी साडेसहापासून नुसती उभी असते. तीच लातूरला जाईल. साडेआठला आम्हा सात जणांना घेऊन निघेल, सव्वादहाला केंद्रावर. सात मोटारसायकली बंद. नांदेडची बाजू दुसऱ्या टप्प्यात.
गावातलाच कंत्राटी चालक सिद्धराम म्हणाला, "साहेब, ही ॲम्ब्युलन्स हाय का काळीपिवळी?"
या माणसाला व्हिजन नाही. त्याचा मोबाइल सकाळच्या फेरीत माझ्याकडे जमा राहील असं कलम टाकलं. सुरक्षितता.

४ एप्रिल
पंचशीला सिस्टर अडून बसल्या. गावातली महानंदा, दिवस भरत आलेत. पहिल्या वेळी सिझर, यंदा बीपी वाढलेला. सिस्टरने तिच्या कार्डावर लाल शाईने तारीख टाकली आहे, १२ एप्रिल. म्हणतात, तिचं होईस्तोवर गाडी दारातच पाहिजे.
भावनेने धोरण चालत नाही. मी वर्षभराच्या नोंदी काढल्या. सकाळच्या वेळात गाडी लागलेल्या बाळंतिणी फक्त तीन. आकड्यांपुढे सिस्टर गप्प बसल्या.
(गप्प बसल्या नाहीत. "महानंदाला तुमचे आकडे ठाव न्हाईत, साहेब," असं म्हणाल्या. पण हळू म्हणाल्या.)
तरीही मी उदार मनाने वेळापत्रकाची एक प्रत प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लावून दिली. मोठ्या अक्षरात: गाडी सव्वादहाला येईल.

९ एप्रिल
उद्घाटन १२ तारखेला. मंगळवार चांगला. तारीख तीच आहे हे लक्षात आलं, पण कार्डावरच्या तारखेला कोण बाळंत होतं?
घरी पाण्याचं अवघड आहे. गल्लीत टँकर दहा-बारा दिवसांनी. दानम्माला धोरण वाचून दाखवलं. तिने विचारलं, ह्यात पाणी कुठाय?

१२ एप्रिल, सकाळी ८.२०
शुभारंभ! गाडी दारात, सहाही सहकारी हजर. नेमका आत्ताच गल्लीत टँकर आला. दानम्मा म्हणाली, "धोरण ऱ्हाऊ द्या, पाईप धरा." वीस मिनिटांचं काम.

८.५५
पिंपाला पाईप धरून उभा. सिस्टरचे चार मिस्ड कॉल. हात ओले. लशीच्या फ्रिजचं काहीतरी असेल. सिद्धरामचा फोनही माझ्या बॅगेत वाजत राहिला. बायको असेल त्याची.

९.१०
वेळ वाया घालवायचा नाही म्हणून सगळ्यांना गाडीपुढे उभं करून फोटो काढला. मागे माझं घर, बाजूला भरलेले कॅन. जिल्ह्याच्या ग्रुपवर टाकला: 'एक गाडी, सात कर्मचारी, शंभर टक्के उपस्थिती.' अंगठेच अंगठे आले.

९.३०
निघालो. सिस्टरला मेसेज केला: ऑन द वे.

१०.५०
अहमदपूर मागे पडलं. समोरून पाण्याचा टँकर सुसाट गेला. मागचा कॉक सताड उघडा, रस्ताभर पाणी! लोक घोटासाठी तडफडतात आणि यांची ही मस्ती. चालकाच्या शेजारी दोन बायकाही बसवलेल्या दिसल्या. सिद्धराम म्हणाला, थांबवून बघू का. मी म्हटलं, आधीच उशीर झालाय. नंबर टिपून घेतला. आज तक्रार करणार.

दुपारी १२
तक्रार केली नाही.
पोचलो तर दवाखान्याला बाहेरून कडी. आडाजवळ बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. त्यांच्याकडून कळलं. महानंदाला पावणेनऊला कळा सुरू झाल्या, मग रक्त जायला लागलं. एकशेआठ दुसऱ्या पेशंटला घेऊन लातूरला. मोठे डॉक्टर मीटिंगला. नांदेडवाले अजून पोचलेलेच नव्हते. गावातल्या जीपा बाजाराला. सिस्टर भिंतीवरचं वेळापत्रक बघत सव्वादहापर्यंत थांबल्या.
तेवढ्यात टँकरवाला केरबा गावाचं पाणी घेऊन आला. सिस्टरने महानंदाला त्याच्याच केबिनमध्ये चढवलं. भरला टँकर पळत नाही, म्हणून केरबाने कॉक उघडला. त्याने बायकांना विचारलं होतं म्हणे. नऊ दिवसांनी आलेलं पाणी. एक बाई मला म्हणाली, "सोड म्हनलं. पानी उद्या येईल, नाही तर परवा."
तो नंबर अजून खिशात आहे. मला बसवेना.

१३ एप्रिल
अहमदपूरच्या दवाखान्यात गेलो. सिझर झालं. मुलगी, काचेच्या पेटीत. महानंदा वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास लागता तर दोघीही हाती लागल्या नसत्या. केरबाने लवकर आणलं म्हणून. मी केळी नेली होती.
महानंदाची सासू साखराबाई दाराशी बसली होती. विचारलं, तुमी कोन? म्हटलं, पिंपरदऱ्याच्या दवाखान्यातला. तिने मला नीट न्याहाळलं.
"तिथं तर पंचशीलाबाई एकटीच असती. तुमी कवा आलाव?"
चोवीस वर्षं झाली असं सांगता आलं नाही. केळी तिच्याजवळ ठेवली आणि निघालो. लाज वाटली. लिहून ठेवतो, कारण उद्या मी हे वेगळं लिहीन.

१४ एप्रिल
सिस्टर जयंतीला नांदेडला जाणार होत्या, रजा मंजूर होती. गेल्या नाहीत. महानंदाजवळ थांबल्या आहेत.
एकूण विचार करता, टँकरचा असा दुहेरी वापर हाही शाश्वत प्रवासच म्हणता येईल. मसुद्यात परिशिष्ट जोडावं का? बघू.

१८ एप्रिल
नोटीस आली. सोबत माझाच फोटो, रंगीत प्रिंट. वेळ, घर, कॅन, सगळं स्वच्छ दिसतंय. चौदाही जणांच्या मुख्यालयी राहण्याची चौकशी लागली आहे. सहकारी माझ्याशी बोलत नाहीत. सातही मोटारसायकली पुन्हा सुरू.
मला वेगळा प्रश्न आहे. १२ एप्रिल रोजी सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी रुग्णवाहिका कुठे होती व का? तीन दिवसांत लेखी खुलासा.

१९ एप्रिल
पहिला मसुदा: तांत्रिक बिघाड. सिद्धराम साक्ष देणार नाही.
दुसरा मसुदा: चालकाची दिरंगाई. लिहिताना सिद्धराम समोरच गाडी पुसत होता. फाडला.
तिसरा मसुदा, चार पानी: दुष्काळी परिस्थिती, धोरणाची पार्श्वभूमी, वर्षभराची आकडेवारी. वाचून दाखवायला कुणी नव्हतं म्हणून पंचशीला सिस्टरना दाखवला. त्यांनी चारही पानं शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, "ह्यात गाडी कुठं हुती ते न्हाई, साहेब."

२१ एप्रिल
खुलासा दिला. पाच शब्द.
माझ्या दारात. पाणी भरत होतो.