दगडाचं पीठ

॥ श्री ॥
ग्वाल्हेर, १२ नोव्हेंबर २०२४

ती. जीजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला बोलताना धाप लागते, म्हणून आपल्या दोघांचं पोस्टावाचून चालत नाही. हर्षिता हसते. म्हणते, बाबा, अख्ख्या लश्कर भागात लाल डब्यात पत्र टाकणारे तुम्हीच एक उरलात. उरलो तर उरलो.

इकडे सकाळी धुकं पडायला लागलंय. किला गेटच्या आपल्या कारखान्यात बसलं की वरचा किल्ला दिसतच नाही, आभाळच खाली टेकल्यासारखं वाटतं. दहाच्या सुमारास ऊन आत येतं, कटर सुरू होतात आणि धूळ उठते. तू ती पाहिलेली नाहीस. आपल्या आबांच्या वेळी छिन्नी-हातोड्यानं काम व्हायचं, कपच्या पडायच्या. आता मशीनखाली पत्थराचं नुसतं पीठ होतं. उन्हाच्या तिरिपेत ते खाली बसत नाही, तरंगत राहतं. त्यात कारागीर हलताना दिसतात ते तळ्याच्या तळाशी कुणी सावकाश काम करत असल्यासारखे. मला ते बघत बसायला आवडतं. परवा तर स्वप्न पडलं की सगळा किल्लाच असा पीठ होऊन हळूहळू गावावर उतरतोय, आणि आपण दोघं लहान, फूलबागेत तोंड वर करून उभे आहोत.

एका हॉटेलासाठी पत्थराच्या चाळीस जाळ्या करायच्या आहेत. आठ पाकळ्यांची नक्षी, ती फक्त दौलतसिंहाच्या हाताला येते. सव्वीस वर्षं झाली त्याला आपल्याकडे. त्याचा मुलगा मोहित दोन वर्षांपासून कटरवर बसतो, बापाचाच हात आहे. दौलतचा खोकला मात्र हटत नाही. टीबीच्या गोळ्या दोनदा पूर्ण झाल्या, फरक शून्य. डॉक्टर म्हणाले होते त्याला धुळीपासून लांब ठेवा. पण पत्थराचा कारागीर धुळीपासून लांब जाऊन करणार काय, तूच सांग.

गुडघ्यांना तेल लावत जा. लोभ आहे तो असाच वाढता राहू दे.

तुझा,
विश्वास


॥ श्री ॥
बडोदा, २५ नोव्हेंबर २०२४

चि. विश्वासरावास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघ्यांना तेल लावते, पायांना लागतं त्याहून जास्त साडीला लागतं. काल लोणी कढवलं. कढईच्या तळाशी बेरी उरली ती साखर घालून खाल्ली आणि तुझी आठवण आली. लहानपणी तुपापेक्षा तुझा जीव बेरीवरच असायचा.

वर्गात मी मुलींना हेच सांगायची. आपण एक गोष्ट करायला घेतो, तेव्हा न मागितलेली दुसरी एक आपोआप होते. तूप करावं तर बेरी होते, चूल पेटवावी तर राख आणि धूर होतो. राखेनं भांडी निघतात, धुरानं डोळे जातात. करणाऱ्यानं दोन्हीकडे बघायला हवं, नाहीतर तो अर्धंच काम करतो. तू जाळी करतोस, विशू. जाळीबरोबर काय होतं ते तू फार सुंदर लिहिलंयस, म्हणूनच मला झोप आली नाही.

तुझ्या उन्हात जी धूळ दिसते ना, ती निम्मी नाकात अडकते. जी दिसत नाही इतकी बारीक असते ती थेट छातीच्या तळाशी जाऊन बसते आणि पुन्हा बाहेर येत नाही. फुप्फुस हळूहळू घट्ट होत जातं. चाळीस वर्षं रसायन शिकवलं, एवढं मला कळतं.

आता एक सरळ विचारते. टीबीचा डॉक्टर गोळ्या देतो, धुळीचं बोलत नाही. तुझं ते वाक्य कोणत्या डॉक्टरचं? ते कोणाला म्हणाले, दौलतला की तुला? आणि तुला बोलताना धाप लागते ती केव्हापासून? मागच्या पत्रांत तू धुक्यावर ढकलत होतास. धुकं तर आत्ता पडलंय.

रागावू नकोस. बहिरी झाले आहे, पण वाचता अजून येतं.

तुझी,
जीजी


॥ श्री ॥
ग्वाल्हेर, १४ डिसेंबर २०२४

ती. जीजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आठ दिवस खिशात घेऊन फिरलो. तू शाळेतही असंच करायचीस म्हणे, वही हातात घेऊन नेमकी खोडलेली ओळ वाचायचीस.

ऐक तर. दोन वर्षांपूर्वी मीच दौलतला छातीच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. फोटो काढला. सोबत म्हणून गमतीत माझाही काढून घेतला. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. दोन्ही फोटो शेजारी शेजारी दिव्यावर लावले. दोन्हींत पांढरे ठिपके होते, त्याच्यात दाट, माझ्यात विरळ. म्हणाले, हा टीबी नाही, पत्थर आहे. गेलेलं परत येणार नाही, पण आज धूळ सोडली तर उरलेलं वाचेल. त्याला समजावून सांगा, तुमचं तो ऐकेल.

मी बाहेर आलो. दौलत बाकावर बसून अमरूद खात होता. त्यानं अर्धा मला दिला आणि विचारलं, काय म्हणाले. मी म्हणालो, काही विशेष नाही, कमजोरी आहे, टॉनिक घे.

जीजी, ते वाक्य मी ठरवून बोललो नाही. ते तोंडातून आपोआप निघालं आणि मग त्याच्यावर दुसरं चढलं, तिसरं चढलं. सांगितलं असतं तर तो त्याच दिवशी उठून गेला असता, मागून बाकीचे गेले असते. आबांनी उभं केलेलं माझ्या हातून बंद पडणार, एवढंच मला दिसत होतं. पुढं तो दुसऱ्या दवाखान्यात गेला, तिथं टीबी म्हणाले, मला बरंच वाटलं. आणि त्याच महिन्यात, बापाची ताकद कमी पडते म्हणून, मोहित कटरवर येऊन बसला. मी त्याला बसू दिलं.

तेव्हापासून ती धूळ मला सुंदर दिसायला लागली. आधी मी तिच्याकडे पाहतही नव्हतो. सकाळी खुर्ची टाकून बसायचो, बघत राहायचो, आणि सगळं फार लांब, स्वप्नात चाललंय असं वाटायचं. डोळे उघडे ठेवून झोपायची युक्ती होती ती.

हर्षिताला आणि तिच्या आईला माझ्या फोटोचं माहीत नाही. तुला वाटेल ते बोल, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझा,
विश्वास


॥ श्री ॥
बडोदा, २१ डिसेंबर २०२४

चि. विश्वासरावास,
आशीर्वाद.

बोलणार काही नाही. पत्र हातात पडलं की दुसऱ्याच दिवशी दौलतच्या घरी जा. कारखान्यात बोलावू नकोस, तिथं तो नोकर असतो. त्याच्या बायकोसमोर, मोहितसमोर सांग. आधी माफी मागू नकोस. आधी सगळं सांग, दोन्ही फोटो दाखव. माफी आधी मागितलीस तर तुझं समाधान करण्याचं काम त्याच्यावर पडेल.

सांगून येईपर्यंत मशीन बंद. हर्षिताला सोबत ने. तिला कळायला हवं, आणि तुला एकट्याला जमणार नाही हे मला माहीत आहे. तुला कडेवर घेऊन मी किल्ल्याची चढण चढले आहे, तुझं वजन मला ठाऊक आहे.

माया कमी झालेली नाही.

जीजी


ग्वाल्हेर, १२ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न.

आत्या, माझी मराठी चिठ्ठी बघून हसू नकोस, मी पहिल्यांदाच लिहितेय. बाबा म्हणाले की मला लिहवत नाही, तू लिही.

आम्ही दोघं स्कूटीवर दौलतकाकांकडे गेलो. घासमंडीत त्यांचं घर आहे. बाबांनी रस्त्यात मला सगळं सांगितलं, मागे बसून, माझ्या पाठीशी बोलल्यासारखं. धुकं इतकं होतं की गाड्या अचानक समोर यायच्या आणि विरघळून जायच्या. मला वाटत होतं हे खरं नाहीच चाललेलं.

काकींनी चहा ठेवला होता. बाबांनी खाली बसून लिफाफ्यातून फोटो काढले आणि सांगितलं. काहीच लपवलं नाही, अमरूदाचंसुद्धा. मग काकी उठल्या, आमच्या हातातले भरलेले कप घेतले आणि आत गेल्या. रागानं नाही गं, एकदम सावकाश.

दौलतकाका म्हणाले, भाऊसाहेब, पत्थर कारागिराला खातो हे आम्हाला माहीत आहे. माझे पिताजी शेहेचाळीसाव्या वर्षी गेले. माझ्यासाठी मी तुम्हाला काहीच म्हणणार नाही. पण मला त्या दिवशी कळलं असतं, तर मी ह्याला कटरला हात लावू दिला नसता. एवढं म्हणून त्यांनी मोहितकडे बोट केलं. बाबांनी तेव्हा माफी मागितली. काका म्हणाले, आज नको, आज तुम्ही घरी जा. मोहित आम्हाला दारापर्यंतही सोडायला आला नाही. सच सांगू, मला पण बाबांशी तीन दिवस बोलायचं नव्हतं.

त्यानंतर कारखाना बंदच आहे. हॉटेलवाल्यांना बाबांनी नाही म्हणून कळवलं. मी माझ्या कॉलेजच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, कटरवर पाण्याची धार सोडली तर धूळ उडतच नाही, वर चांगला मास्क हवा. तशी दोन मशीनं चाचणीपुरती करून बघितली. धूळ खरंच गेली! पण पांढरा चिखल इतका झाला की पहिल्याच दिवशी नाली तुंबली आणि शेजारचे मधुसूदनजी भांडायला आले. आता तो चिखल टाकीत साठवलाय. त्यात सिमेंट मिसळून फरशा पाडायचा विचार आहे. पहिल्या बारा तडकल्या. तुला काय वाटतं, मतलब, जमेल का?

मोहितचा फोटो पुढच्या आठवड्यात आहे. तू प्रार्थना करतेस ना? कर.

तुझी लाडकी,
हर्षिता


॥ श्री ॥
बडोदा, २३ जानेवारी २०२५

चि. हर्षितास,
पुष्कळ आशीर्वाद.

तुझी मराठी वाचून हसले नाही, रडले, म्हणजे चांगलीच असणार.

फरशा जमतील. चिखल कमी घे, थोडी जाड रेती घाल, आणि आठवडाभर पाणी मारून ओल्या ठेव, घाईनं उन्हात नको. पण एक विसरू नकोस. तो गाळ टाकीत आहे तोवर गरीब आहे. कडेला सुकला की वाऱ्यावर पुन्हा तीच धूळ होतो. म्हणून सुकू द्यायचा नाही, केरसुणीनं कोरडा झाडायचा नाही. पाण्यानं तुमचं संकट संपवलेलं नाही, फक्त बसवून ठेवलंय.

बाबांशी बोलत जा. रागावून बोललीस तरी चालेल.

तुझी,
आत्या


॥ श्री ॥
ग्वाल्हेर, ४ मे २०२५

ती. जीजीस,
शि. सा. न. वि. वि.

मोहितचा फोटो चांगला आला हे हर्षितानं कळवलंच असेल. डॉक्टर म्हणाले, आज काही दिसत नाही, वर्षाला तपासत राहा. तो कारखान्यात परत आला नाही, येणारही नाही. एका नर्सरीत रोपांच्या कामावर लागलाय. मला बरं वाटलं. हर्षिताच्या फरशा आता तडकत नाहीत. मधुसूदनजींच्या दारापुढं चाळीस बसवल्या, तेव्हा कुठं ते भांडायचे थांबले. तिघं कारागीर ओल्या मशीनवर काम करतात. जाळी सावकाश होते.

दौलत साडेतीन महिने माझ्याशी बोलला नाही. तपासणीला मात्र आम्ही एकाच टेंपोतून जातो, कारण डॉक्टर एकच आणि दिवसही एकच. तो पुढं बसतो, मी मागं. गेल्या महिन्यात परतताना फूलबागेपाशी दोघांनाही दम लागला म्हणून उतरलो आणि सावलीत बसलो. लूचा गरम वारा चालला होता. समोरचा रस्ता उन्हात पाण्यासारखा थरथरत होता, माणसं त्यात तरंगत यायची आणि जायची. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, भीती वाटते का? मी म्हणालो, वाटते. तो म्हणाला, मलाही.

थोड्या वेळानं म्हणाला की, तुमचा कारखाना ओला झाला, पण त्या सडकेवर अजून अकरा कारखाने कोरडे आहेत. माझं कुणी ऐकणार नाही, मी कारागीर आहे. तुमचं ऐकतील, तुम्ही मालक आहात. डॉक्टरांनी मला जे सांगितलं आणि मी जे लपवलं, ते त्यानं मला अकरा ठिकाणी जाऊन सांगायला सांगितलं. जसंच्या तसं, काही न वगळता. तो सोबत येईल म्हणाला. मला माफ केलं असं काही म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

काल आम्ही दोघं पहिल्या ठिकाणी गेलो. तोंडावर मास्क, हातात दोघांचे फोटो. मालक ओळखीचा, माझ्याच वयाचा. मी सुरुवात केली, दोन वाक्यं झाली, तशी त्यानं हसून हात हलवला आणि कारागिराला कटर सुरू करायची खूण केली. आवाजात माझं बोलणं बुडालं. पांढरं पीठ उठलं. मी वळायला लागलो. दौलतनं माझा दंड धरला. सव्वीस वर्षांत त्यानं मला कधी हात लावला नव्हता. आम्ही दाराबाहेर, वारा पाठीशी घेऊन, तसेच उभे राहिलो. मालक आमच्याकडे बघायचा, मान फिरवायचा, पुन्हा बघायचा. मला घड्याळ बघायचं सुचलं नाही. शेवटी मशीनवरच्या माणसानंच, मालकाला न विचारता, बटण बंद केलं आणि दौलतकडे बघून म्हणाला, बोला काका.

मी पहिल्यापासून सांगितलं.

आज विश्रांती. उद्या दुसरीकडे जायचं आहे. तुझा लोभ मला किती उचलून धरतो ते आता कळतंय. तो आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
विश्वास