एका टबातले दोन थर

तीर्थरूप आई,

पाया पडतो, पण राग अजून गेलेला नाही. दगडच फोडायचे तर एवढ्या लांब कशाला गेलास, असं ताईच्या हातून पुन्हा लिहून घेतलंस. मी दगड फोडत नाही, चुनखडीतून जुने शिंपले सोडवतो.

या डोंगरावर एकेकाळी समुद्र होता. आमच्या संशोधक बाई म्हणतात, मसुराच्या दाण्याएवढे काही जीव ठरावीक काळातच जगले. ते ज्या थरात सापडतील, तो थर त्या काळातला. म्हणून प्रत्येक थराची पिशवी वेगळी.

आणि मी पाणी वाचवायला वरचा-खालचा सगळा माल एकाच टबात धुतला. निघाला मात्र लख्ख.

बाई टबाकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "शाब्बास! वीस लाख वर्षांचं अंतर एका आंघोळीत मिटवलंस."

"निवडून देऊ का?"

"बारके जीव मी ओळखेन. शिंपले दोन्हीकडे सारखेच. ते कुठले, हे कोण सांगणार? तू?"

वाटलं, काढून टाकतील. पण दोन्ही थरांतून नवा माल काढून दे आणि राहा म्हणाल्या. तेवढ्या दिवसांचा पगार नाही. दिला काढून. आता पिशवीला चिठ्ठी बांधल्याशिवाय मी जागचा हलत नाही. ताईला सांग, हसेल.

जेवण वेळेवर होतं. बोटाला लागलंय, ते किरकोळ. बाबा जिना चढतात का? डॉक्टरकडे जायची टाळाटाळ करू देऊ नकोस.

तुझा धांदरट

ता. क. बाबांच्या गुडघ्यासाठी पाच हजार कबूल केले होते. पाठवतोय साडेतीन हजार.