खोली अजून निगेटिव्ह पायजे

४ नोव्हेंबर
विश्रामबागच्या अंगाला दवाखान्याची नवी इमारत झालीय, तितं झाडलोटीला लागले. कोपऱ्यातली खोली मला दिली. अजून एक पेशंट न्हाई. फरशी पुसून भाईर आले, दार लावाय गेले, तर हातातनं आतल्या बाजूनं कुनीतरी वडून घेतलं. धाड! आत कोन? कुनीच न्हाई.
मी भ्याले न्हाई. निस्ती पळाले. पळाल्यामुळं खोकला आला.

७ नोव्हेंबर, दुपार
खाटंच्या उशाशी भिंतीत जाळी हाय. त्यातनं हू हू करतंय. पुन्याचं मुकुल सर आल्यात, दवाखाना चालू व्हायच्या आदी हवा-मशिनी तपासायचं काम त्येंचं. हातातलं मीटर बघून विनोदिनी सिस्टरला म्हनले, "खोली निगेटिव्ह आहे, पण अजून निगेटिव्ह पाहिजे."
घरी सासूच्या, आत्याबाईंच्या टीव्हीवर त्यो वास्तूवाला रोज सांगतोय, निगेटिव्ह असलं की लेकरं आजारी पडत्यात. आन् हे शिकलेलं लोक मुद्दाम वाढवाया लागल्यात! माझा शंभूराज दोन वर्साचा. ठरलं. उद्यापास्नं कामाला जायाचं न्हाई.

८ नोव्हेंबर
गेले. मुकादमाचा फोन आला हुता.
सरांनी दाराम्होरं नळीतनं धूर सोडला. धूर वर न्हाई गेला. वाकला आन् दाराच्या फटीतनं आत गेला, कुनीतरी आत बसून पितंय तसा. सिस्टरनी टाळ्या वाजवल्या. काय म्हनावं!
घरी आल्या आल्या आंघोळ केली. ते माझ्यासंगं घरात याया नको. शंभूला रातभर छातीशी घट्ट धरला, तोंडाजवळ तोंड नेऊन सिद्धनाथाचं नाव घेतलं. मधी मधी खोकत हुते. फिनेलचा वास बसलाय.

११ नोव्हेंबर
आत्याबाई म्हसवडला जाऊन अंगारा घिऊन आल्या. म्हनल्या, "आगं, भ्यायचं काय हाय? नाथ बघून घील." मी कुटं भितेय!
आज जाळीचं झाकन काढलं. आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याचं बोळं करून, त्यात अंगारा आन् लिंबू घालून कोंबलं. झाकन लावलं. हू हू गप! दार बी गुमान लागलं.
आपल्याला जमलं. इंजिनेरला जमलं न्हाई.

१४ नोव्हेंबर
सरांच्या मीटरवर काय ईना. गच्चीवर जात्यात, पंख्याला बघत्यात, येत्यात, कपाळावर हात मारत्यात. लय वंगाळ वाटलं. पर सांगनार कसं, सायेब, ते गेलंय म्हनून?
पोलकं ढिलं झालंय. बरंच झालं, बाळंतपनात लय सुटले हुते.

१५ नोव्हेंबर
सापडलं. सर लिंबू हातात धरून हुबं. "राजेश्वरीताई, हे तुमचं?" मला वाटलं, आता शाबासकी. सर आदी हसले, मंग लय येळ बोलले. त्यो वारा मुद्दाम आत वडायचा. आतल्या आजारी मानसाचा खोकला भाईरच्याला लागू ने म्हनून. त्येला निगेटिव्ह म्हनायचं. कागदाचं चिटोरं फटीला धरून दावलं. चिटोरं आत गेलं.
मला ठावंच हुतं तसं.
तेवढ्यात खोकला आला. सिस्टर हसायच्या थांबल्या. "कधीपासून आहे गं हा?" म्हनलं, धुळीचा हाय. त्येंनी डबी हातात दिली. बेडका दिला. शंभूला बी तपासायचं म्हनल्या.

१९ नोव्हेंबर
माझं पॉझिटिव्ह आलं. मी तितंच हात जोडलं. आत्याबाईंना फोन लावला, "आवं, पॉझिटिव्ह आलंय! नाथ पावला!" सिस्टर मटकन खुर्चीत बसल्या.
टीबी हाय.
शंभूला काय न्हाई. निगेटिव्ह. आता ह्यो शब्द गोड लागतोय.

२१ नोव्हेंबर
औषिद लागू पडस्तोवर त्याच खोलीत ठेवलंय. पयला पेशंट मीच. उशाशी जाळी. हू हू.
काचंच्या पल्याड शंभू आत्याबाईंच्या काखंत. काचंला जीभ लावतोय. माझ्याकडं याया हात करतोय. त्या राती त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं हुतं, ते डोक्यातनं जाईना.
खोकला आला की आदी दाराच्या फटीला चिटोरं धरून बघते. आत वळतंय का? वळतंय.
भिती वाटती.
वड बाबा. जोरात वड. समदं हिकडंच वड.