पोटाचा नकाशा

४ फेब्रुवारी

आज स्वतःची किडनी हवेत तरंगताना पाहिली! डॉक्टरबाईंनी त्यांचा तो जाडजूड चष्मा माझ्या नाकावर चढवला आणि टेबलाच्या वर वीतभर उंचीवर — नारिंगी किडनी, लाल धमनी, निळी शीर, आणि कडेला हिरवी गाठ. छोट्या लिंबाएवढी. हात लावायला गेलो तर बाईंचा पेनस्टँड पडला.

याला म्हणे ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. पोटाला चार भोकं पाडायची. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या किडनीवर स्कॅनवरून केलेलं हे रंगीत चित्र बसवायचं, की आत दडलेलंही वरून दिसतं. गाठ तेवढी काढायची, किडनी ठेवायची.

ठेवायलाच हवी. एकच आहे. दुसरी एकोणीस वर्षांपूर्वी धाकट्या भावाला दिली. ही गेली की आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनला जुंपून घ्यायचं.

बायकोला चष्मा फार आवडला. "किती छान दिसतंय हो तुमचं आतून!" बत्तीस वर्षांत बाहेरून कधी म्हणाली नाही.

५ फेब्रुवारी

सगळे खूश. मीच तेवढा टरकलोय. बाकीच्यांनी नकाशे नुसते पाहिलेत. मी काढलेत!

पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं हेच केलं — जमिनीखालच्या पाइपांचे नकाशे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक चौकट असायची, 'प्रत्यक्ष जागेवर पडताळणी केली'. तिच्यात सही. उन्हात कोण तडफडतंय? मी खुर्चीतूनच सह्या ठोकायचो. एकदा मोठी लाइन नकाशात रस्त्याच्या डावीकडे दाखवली. खोदणाऱ्यांनी उजवीकडे बिनधास्त पहार घातली. लाइन उजवीकडेच! न्हाव्याच्या दुकानात गुडघाभर पाणी, आणि अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीवर उभं राहून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतंय. निवृत्त होईपर्यंत त्या गल्लीत मला 'कारंजेसाहेब' म्हणायचे.

आणि आता नकाशा बघून माझ्या पोटात पहार घालणार. देव न्यायी आहे, दुसरं काय!

७ फेब्रुवारी

बाईंना विचारायच्या प्रश्नांची यादी केली. एकतीस झाले. ही म्हणाली, "लग्नाआधी मला दोनच विचारले होते."

८ फेब्रुवारी

पहिलाच प्रश्न — "नकाशा कधीचा?"

बाई चमकल्या. "स्कॅन ना? बारा दिवसांपूर्वीचा."

"तेव्हा मी उताणा होतो, श्वास रोखून. तुम्ही मला कुशीवर झोपवणार, पोटात हवा भरणार. किडनी काय जागची हलायची नाही?"

"हलते. आम्ही चित्र जुळवून घेतो. तरी काही मिलिमीटर इकडेतिकडे होतं. कधी जास्तही."

चक्क खरं बोलल्या! मी असतो तर सही ठोकली असती.

मग धडाधड विचारलं. चष्मा लावून किती ऑपरेशनं केली? अकरा. चष्म्याविना? चारशेच्या वर. मधेच बंद पडला तर? काढून ठेवायचा, काम थांबत नाही. रक्त फार गेलं तर? पोट उघडावं लागेल, त्याची संमती आधीच घेणार. चष्म्यानं पेशंट जास्त बरे होतात का? "तसं ठामपणे अजून म्हणता येत नाही. मला मदत होते, एवढं सांगते." आतलं चित्रीकरण होणार — पण ते दुसऱ्या कोणाला दाखवायला नाही म्हणायचा हक्क माझा. हे विचारायचं असतं हे तरी कोणाला माहीत? बाहेर बसलेले सगळे चहा कुठे मिळतो तेवढंच विचारत होते.

शेवटी मी संमतीच्या फॉर्मवर पेनानं चौकट काढली. 'प्रत्यक्ष जागेवर पडताळणी केली.' म्हटलं, यात सही हवी. हिनं कपाळाला हात लावला.

बाई हसल्या नाहीत. "कापण्याआधी किडनीवर सोनोग्राफीचं छोटं यंत्र टेकवून मी बघतेच. पण सही ऑपरेशननंतर करीन. आत्ता केली तर खोटी होईल."

खोटी होईल! चौतीस वर्षांत हे वाक्य ऑफिसात एकदाही ऐकलं नव्हतं. मान खाली घातली.

११ फेब्रुवारी

धाकटा आला. न कळवता, बॅग घेऊन. "सहज आलो." गाठीचं त्याला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. हिच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! दार उघडतानाच सांगून मोकळी. तो बुटांसकट मटकन खाली बसला. मग भांडायला लागला. मी काय परका आहे? मला का नाही कळवलं?

मी म्हटलं, "तू तरी सांगतोस का मला सगळं?"

बॅग उचलून आतल्या खोलीत गेला. बरी जिरवली.

१२ फेब्रुवारी

आज बाईंकडे बरोबर आला. खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतो, "डॉक्टर, एकोणीस वर्षं वापरली मी याची. परत देता येते का?"

"वापरलेला माल आम्ही परत घेत नाही," बाई म्हणाल्या. ही इतकी हसली की ठसका लागला. मीही खो खो हसलो. धाकट्याला विनोद कधी कळलाच नाही, लहानपणापासून असाच.

१५ फेब्रुवारी

उद्या. भीती वाटते. बस, एवढंच.

१७ फेब्रुवारी

जिवंत!

बाई फॉर्म घेऊन आल्या. चौकटीत सही. धमनी चष्म्यानं अचूक दाखवली म्हणे. गाठ मात्र चित्रातल्या जागेपासून बोटाच्या रुंदीइतकी खाली निघाली. चित्र बंद केलं, यंत्र टेकवून शोधली, काढली. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण उठताच येईना.

नळीतून पिशवीत लघवी येतेय. धाकटा दर तासाला पिशवीवरचा आकडा वाचतो आणि मॅच चालू असल्यासारखा ओरडतो. "साडेतीनशे झाली!" वॉर्डातले टाळ्या वाजवतात. लाजेनं मेलो.

२४ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. गाठ पुरती निघाली, किडनी ठणठणीत. धाकटा आज गावी परतला. जाताना मला मिठी मारली! आम्ही काय मिठ्या मारणारे आहोत? टाके दुखले, मी शिवी हासडली.

२५ फेब्रुवारी

भावजयीचा फोन. "भावोजी, यांनी सांगितलं ना तुम्हाला?"

धाकट्याची किडनी, मी दिलेली, संपत आलीय. दीड-दोन महिन्यांत मशीन. अकरा तारखेला तो हेच सांगायला आला होता.

आणि आम्ही हसलो होतो. फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. उद्या त्याच्याकडे जातोय. ही म्हणाली, "अहो, टाके आहेत." म्हटलं, तूही चल.