घराला कुलूप

शुक्रवार, १० फेब्रुवारी

ती. थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार.

नमस्कार झाला. आता पुढं नेहमीसारखं. लोकांसमोर अहो आणि ओट्यापाशी अगं, असं आपलं होतं. कागद मी ओट्याकडचा धरते.

इकडे सर्व ठीक. माझी खोली कोरडी आहे. मालकांचं घर कायम भरलेलं, त्यामुळे कुलूप लागत नाही. पाणी दोन्ही वेळ येतं. ग्रंथालयातलं काम चालू आहे. सध्या जुने नकाशे आलेत, घड्यांवर फाटलेले. खळ मी स्वतः शिजवते. तिथली मुलगी म्हणाली, बाटलीतला गोंद वापरा. मला ऐकू आलं नाही. तुझा गुडघा कसा आहे ते लिही, आणि ‘बरा आहे’ असं लिहू नकोस.

गुरुवारी सुट्टी असते. घर विकल्यापासून गुरुवार मला अंगावर येतो. काल बसमध्ये बसले आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेले.

आपली रीत मी मोडलेली नाही. खाली बाइंडिंगचं दुकान, गिऱ्हाईक केव्हाही येणार, म्हणून दोघींपैकी एकीनं घरात राहायचं. कुलूप ओसाड घराला लावतात, हे सासूबाईंचं वाक्य तुला मी सांगायला नको. तू लग्नाला गेलीस तर मी घरी. मी नाटकाला गेले तर तू घरी. आणि जी जाईल तिनं परत येऊन सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही. सासूबाई गेल्या, दोघे भाऊ गेले, दुकान गेलं. आता तू लेकाकडे अकराव्या मजल्यावर आहेस. म्हणजे घरी राहिलेली तूच. तेव्हा ऐक.

शहर संपतं तिथं एक लहान गाव आहे. गावाच्या मागच्या अंगाला रंगाऱ्यांची जुनी गल्ली. घरं बुटकी, समोरासमोर. भिंतींना वर लोखंडी कड्या. ओलं कापड ह्या घरापासून त्या घरापर्यंत वाळत टाकायचे. रस्त्याच्या मधून दगडी पन्हळ गेली आहे. रंगाचं पाणी तिच्यातून वाहायचं. रंगारी जाऊन जमाना झाला, पण दगड अजून निळे आहेत. मी वाकून बोटानं पुसून बघितलं. निघत नाही.

पर्यटकांचा एक घोळका होता. पुढं एकजण मिटलेली छत्री उंच धरून माहिती सांगत होता. मी शेवटी उभी राहून फुकट ऐकलं. तो म्हणाला, ह्या घरात राजा एक रात्र झोपला होता. चार घरं पुढं गेल्यावर म्हणाला, इथंही झोपला होता. वरच्या खिडकीत एक बाई मटार सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “ह्या राजानं राज्य केव्हा केलं? आमच्या गल्लीत तर नुसता झोपलेलाच आहे.” सगळे हसले. छत्रीवालाही हसला. रोजचं असावं.

घोळका गेला, मी राहिले. त्या बाईंनी विचारलं, कुणाबरोबर आलात. म्हटलं, एकटीच.

“मग इतकं निरखून कुणासाठी बघताय?”

उत्तर मला परतीच्या बसमध्ये सुचलं.

तुझी धाकटी


शुक्रवार, १७ मार्च

थोरले, नमस्कार.

कार्ड मिळालं. चार ओळी, त्यांतल्या तीन प्रश्नांच्या. क्रमानं सांगते. दोन उकडलेली अंडी आणि एक संत्रं खाल्लं. बसमध्ये शेजारी एक शिंपी होता, त्यानं सगळा वेळ माझ्या ब्लाउजच्या शिवणीकडे बघितलं. निळा म्हणजे शाईच्या बाटलीचा, धुतल्यावर तळाशी राहतो तो. चौथ्या ओळीत गुडघा ‘आहे तसा आहे’ असं लिहिलंस. ठीक.

मधल्या गुरुवारांत आणखी तीन गावं बघितली.

पहिलं नदीकाठचं. फार सुंदर. पण स्टँडपासून गावात जायला पायऱ्याच पायऱ्या, आणि कठडा एकाच बाजूला. नापास.

दुसऱ्या गावात जुनं एकही घर पाडलेलं नाही, त्याचा त्यांना अभिमान आहे. प्रत्येक घरात साबण आणि मेणबत्त्या विकतात. माणसं रात्री शहरात जाऊन झोपतात. अंडी कुठं मिळतील विचारलं तर म्हणाले, बसनं जा. नापास.

तिसरं सपाट. दवाखाना चौकातच. झाडाखाली बाक, पाठ टेकता येते असे. पण बेकरीवाला तोंडातून शब्द काढत नाही. पाव पुढं सरकवतो आणि छताकडे बघतो. अशा गावात तू आठवडाभर टिकणार नाहीस. म्हणजे कुणीही टिकणार नाही. नापास.

त्यानंतर रंगाऱ्यांच्या गल्लीत परत गेले. सहज. खिडकीतल्या बाईंनी चहाला वर बोलावलं. त्यांच्या खाली तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत. उंबरा बुटका आहे, पाय उचलावा लागत नाही. मागच्या खोलीला उत्तरेची मोठी खिडकी. तिच्याखाली आपलं दुकानातलं लांब टेबल मावेल. एका बाजूला बसून तू कागदाच्या घड्या घालशील, दुसऱ्या बाजूला मी त्या घड्यांचे फर्मे शिवीन, असं आपलं मनात आलं. नकाशे एकटीनं जोडता येत नाहीत. एकानं ताणून धरावं लागतं. ग्रंथालयातली मुलगी धरते, पण मध्येच फोन वाजतो.

मी फक्त बघितलं.

तू लिहितेस, मुलगा आणि सून कामावर गेली की संध्याकाळपर्यंत तू खिडकीशी असतेस, कुणी पार्सल आणलं तर घेतेस. दार आपोआप बंद होतं, म्हणून कचरा टाकायला गेलीस तर पायानं अडवून धरतेस. हे वाचून मला हसू आलं. मग थांबलं.

पुढचं कार्ड ग्रंथालयाच्या पत्त्यावर घाल. तिथं लवकर मिळतं.

तुझी धाकटी


शुक्रवार, १४ एप्रिल

थोरले, नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. “गावं बघतेस की स्थळं? काय गाळलंस ते लिही.” बाकी कार्ड कोरं. कोरी जागा सोडायची उधळपट्टी तुझ्या स्वभावात नव्हती.

गाळलं ते असं. त्या दोन खोल्या मी घेतल्या. मागचं पत्र मी त्या उत्तरेच्या खिडकीशी बसूनच लिहिलं.

मालकीणबाईंनी, म्हणजे मटारवाल्या त्याच, विचारलं, माणसं किती. म्हटलं, दोन. दुसरं कोण? म्हटलं, माझी थोरली जाऊ. त्यांच्या हातातला डबा तसाच राहिला.

“जाऊ? स्वतःहून?” त्या म्हणाल्या. “लोक जावेपासून लांब खोली मागायला येतात.”

मी त्यांना तुझं सगळं खरं सांगितलं. घोरते. नळ ठिबकला तर उठून बसते. दुसऱ्यानं घातलेली घडी मोडून पुन्हा घालते. आठ दिवसांत तुमच्यावरही राज्य करील. त्या म्हणाल्या, येऊ द्या, बहीण गेल्यापासून मला भांडायला कुणी नाही.

तू येणार आहेस असं मी सांगून बसले आहे. तुला विचारायचं मात्र राहिलं. राहिलं म्हणजे, धीर झाला नाही. इकडचं तिकडचं लिहीत गेले. नाही म्हणाली असतीस तर गावं बघण्यातही अर्थ उरला नसता.

मग मी कुलूप आणलं. कोपऱ्यावर हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, कशाला हवं, कपाटाला की दाराला? दाराला. आधीचं कोणतं होतं? म्हटलं, आधीचं नव्हतंच. त्यानं चष्मा वर केला. “मग इतकी वर्षं बाहेर जाताना काय करत होता?” मी म्हटलं, एकीला घरी ठेवत होतो.

त्यानं एक पितळी कुलूप काउंटरवर ठेवलं. नुसतं दाबलं की लागतं, लावताना किल्लीची गरज नाही. मी दुकानातच ते पुन्हा पुन्हा लावून बघितलं. आवाज चांगला आहे.

ते आता दाराशी आत, खुंटीला टांगलं आहे. किल्ल्या तिथंच. कामावर जाताना मी दार ओढून घेते आणि वर हाक मारते. मालकीणबाई लक्ष ठेवतात. एकटीनं जायला कुलूप लागत नाही. ती सवय आपल्याला आहेच.

आता विचारते. येशील?

गुडघ्याला सपाट रस्ता बरा, असं लिहिता येईल. नकाशांना दुसरे दोन हात हवेत, असंही लिहिता येईल. ते खोटं नाही. पण कारण ते नाही. कारण असं की मला तुला सांगायचा कंटाळा आला आहे. आयुष्यभर तू मला सांगितलंस, मी तुला सांगितलं. मी शाईच्या बाटलीचा निळा लिहिते आणि तिकडे तुला कुठला निळा दिसतो, कोण जाणे. एकदा तूच बघ.

तुझा मुलगा गुणाचा आहे, सून त्याहून. अडचण तीच आहे. वाईट असती तर तुला पळवून आणली असती, विचारलं नसतं. लोक म्हणतील, लेकाचं घर सोडून जावेकडे गेली. म्हणू देत. त्यांनाही काहीतरी बोलायला हवं.

नाही म्हणायचं असेल तर कार्डावर म्हणू नकोस. पूर्ण पत्र लिही. हो म्हणायला कार्ड पुरेल.

कुलूप खुंटीवर आहे.

तुझी धाकटी


गुरुवार, ११ मे

चि. ठोंब्यास काकूचे अनेक आशीर्वाद.

तुझी आई सुखरूप आहे. हे आधी लिही म्हणाली, कारण पुढचं वाचून तू घाबरशील. सूनबाईंना आशीर्वाद सांग आणि पुढचं त्यांना वाचायला दे. त्या घाबरणार नाहीत.

मला तिचं कार्डच आलं होतं. “गुरुवारी पोचते. मी आल्याशिवाय टेबल लावू नकोस.” तू तिला गाडीत बसवून दिलीस आणि डब्यातल्या सगळ्यांना तिच्याकडे लक्ष ठेवायला सांगितलंस, त्यामुळे ती उतरली तेव्हा निरोप द्यायला पाचसहा माणसं होती. गाडी हलल्यावर तू डोळे पुसलेस असं ती सांगते. हे लिहू नकोस म्हणाली.

टेबल तिनं तीन ठिकाणी लावून बघितलं आणि शेवटी मी दाखवलं होतं तिथं ठेवलं. कल्पना तिचीच, असं ठरलं आहे. दुसऱ्या दिवशी नळावरून मालकीणबाईंशी भांडली. तेव्हापासून दोघी रोज दुपारी खिडकीत बसून राजाबद्दल बोलतात. छत्रीवाला आता गल्लीतून भराभर जातो.

नकाशे छान चाललेत. ताणून तीच धरते. फोन वाजत नाही.

आज सुट्टी. मी म्हटलं, चल, बाकांचं गाव बघू. तिनं पायात चप्पल घातली आणि दारात थांबली.

“घरी कोण?” म्हणाली.

“कुणी नाही.”

 मग तिनंच खुंटीवरचं कुलूप काढलं, दार ओढलं, कडी घातली आणि कुलूप दाबलं. आवाज झाला. तिनं ते ओढून बघितलं. मीही ओढून बघितलं. मग आम्ही निघालो.

ठोंब्या, तुझी आई आणि मी एकत्र कुठं गेलो, असं आजवर कधी झालं नव्हतं. बसमध्ये खिडकीशी कुणी बसायचं ह्यावरून वाद झाला. त्याची आमच्यात प्रथाच नव्हती. बेकरीत तिनं त्या मुक्या माणसाला सांगितलं की तुमचा पाव खालून कच्चा राहतो. त्यानं छतावरची नजर खाली आणली, पाव उलटा करून बघितला आणि म्हणाला, भट्टीचं तसंच आहे. पुढं अर्धा तास भट्टीबद्दल बोलला. गाव पास झालं. आम्ही बाकावर बसून तो पाव खाल्ला. खरंच कच्चा होता.

परत येताना सवयीनं मी सुरुवात केली. “ती चौकातली कमान आहे ना...”

“बघितली,” ती म्हणाली.

मग आम्ही गप्प बसलो. इतकं बरं वाटलं की काय सांगू.

दाराशी आलो. मी किल्लीसाठी हात पुढं केला. तिनंही केला. दोन्ही किल्ल्या आत खुंटीवर आहेत. कुलूप तेवढं काढून घेतलं, किल्ल्या कुणाला आठवणार? आम्ही जन्मात कधी किल्ली नेली आहे? ती म्हणाली, कुलूप तू आणलंस. मी म्हटलं, लावलंस तू. मग तिला हसू फुटलं, मग मला. पोट दुखेपर्यंत हसलो. मालकीणबाई नेमक्या भाचीकडे गेल्या आहेत. हार्डवेअरवाल्याला सांगून आलो आहे. दुकान आवरून करवत घेऊन येतो म्हणाला. हळू आवाजात त्यानं विचारलं, दुसरं कुलूप देऊ ना? तुझी आई म्हणाली, हेच द्या, आवाज चांगला आहे.

तर हे पत्र पायरीवर बसून लिहिते आहे. पिशवीत कागद होता. आम्ही दोघींनीही सगळं बघितलेलं, एकमेकींना सांगण्यासारखं काही नाही. तेव्हा तुला सांगायचं ठरलं. घरी राहिलेला आता तू. काही गाळलेलं नाही.

ऊन पन्हळीवर आलं आहे. तुझ्या आईनं आत्ता वाकून दगड बोटानं पुसून बघितला. म्हणाली, हा शाईच्या बाटलीचा नव्हे. कुठला, ते अजून ठरलेलं नाही.

हार्डवेअरवाला कोपऱ्यावर दिसतो आहे. आई म्हणते, त्याला हात करून सांग, सावकाश या.

तुझी आई आणि काकू,
दोघी, घराबाहेर